बगळ्यांची इशारा पातळी: कोल्हापुरात घरट्यांची वसाहत बघायला निघालेल्या नव्या लोकांसाठी

पावसाळा लागला की कोल्हापुरात प्रत्येकाचा एक डोळा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर असतोय. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे शाळकरी पोरांना पण पाठ आहे. आणि नदीकाठची माणसं ४३ ची वाट बघत बसत नाहीत, ३९ च्या आसपास पाणी आलं की गाद्या माळ्यावर, जनावरं पाहुण्यांकडं, असं सुरू होतं.

बगळ्यांचं पण अगदी तसंच असतंय बघा. बगळा घरट्यावरनं उडाला ही झाली त्याची धोका पातळी. त्याच्या आधी इशारा पातळी येऊन गेलेली असते, फक्त ती आपल्याला दिसत नाही कारण ती कशी दिसते हे कुणी शिकवलेलंच नसतं. हौसेनं दुर्बीण घेतलेली पोरं, मोबाईलला झूम आहे म्हणून झाडाखाली जाणारे लोक, अंगणासमोरच्या झाडावर बगळे बसतात म्हणून कुतूहल वाटणाऱ्या मावशी, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. वसाहत बघायची तर कशी बघायची, आपल्यामुळं आणि आपल्या आवाजामुळं तिथं काय होतं, आणि ते कमी कसं करायचं, एवढंच.

आधी एक प्रसंग सांगतो, म्हणजे मी एवढं जीव तोडून का सांगतोय ते कळेल.

एका रस्त्यावर जुनं रेन ट्रीचं झाड आहे. कुठल्या रस्त्यावर ते सांगणार नाही, का सांगणार नाही ते पुढं येईल. जुलैचा महिना, संध्याकाळची वेळ, पाऊस नुकताच थांबलेला, झाडावर गायबगळे अंड्यांवर बसलेले. खाली कुणाचा तरी वाढदिवस होता, बॅनर लागलेला, केक कापला आणि फटाक्यांची मोठी माळ लावली. पहिल्या आवाजाला झाड अक्षरशः पांढरं होऊन वर उचललं गेलं, सगळे बगळे एकदम हवेत. आणि समोरच्या विजेच्या तारेवर इतका वेळ गप बसलेले तीन कावळे सरळ झाडात घुसले. एक कावळा फांदीवर आला, घरट्यात वाकला, चोचीत निळसर अंडं धरून निघून गेला. धुराआड मला फार तर पंधरा सेकंद दिसलं असेल ते. माळ वाजून संपली तरी बगळे वरच गोल फिरत होते, पहिला घरट्यावर परत टेकायला चारेक मिनिटं गेली आणि तेवढ्यात कावळ्यांच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. खाली पार्क केलेल्या मोपेडच्या सीटवर फुटक्या अंड्याचं फिकट निळं कवच आणि बलक पडला होता. माळ लावणाऱ्या पोरांपैकी एकानं ते बघितलं, आणि तो खरंच गप झाला. त्याला वर अंडी आहेत हे माहीतच नव्हतं. तो वाईट नव्हता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

हे डोक्यात ठेवून पुढं वाचा. आवाजानं पक्षी सहसा जागेवर मरत नाही. आवाजानं तो उठतो, आणि तो उठला की अंड्याचा आणि पिल्लाचा जीव जातो. सगळा हिशोब घरटं किती मिनिटं उघडं पडलं याचा आहे.

पायरी १: कुणाची वसाहत आहे आणि कुठल्या टप्प्यात आहे ते ओळखा

बगळे, ढोकरी, पाणकावळे असे पक्षी एकाच झाडावर नाहीतर शेजारशेजारच्या झाडांवर दाटीनं घरटी करतात, त्याला मराठीत सारंगागार असा छान शब्द आहे. आपल्याकडं शहरात सगळ्यात जास्त नजरेला पडतात ते गायबगळे. एरवी पांढरेशुभ्र, पण विणीच्या काळात डोकं, मान आणि पाठीवर केशरी-बदामी रंग चढतो. त्यांच्यासोबत ढोकरी असते, तिच्या पाठीला त्या दिवसात गडद तपकिरी-लाल रंग येतो, एरवी तिला चिखलात शोधावं लागतं. पाण्याजवळ असाल, रंकाळा किंवा कळंब्याच्या बाजूला, तर काळे पाणकावळे आणि संध्याकाळी "वॉक" असा एकच आवाज देत निघणारे रातबगळे पण दिसतील.

हंगाम साधारण जून ते सप्टेंबर. जूनमध्ये चोचीत काटक्या घेऊन ये-जा सुरू झाली की समजायचं घरटी बांधायला लागले. गायबगळ्याची तीन ते पाच अंडी असतात, फिकट निळी, आणि ती उबवायला साधारण २४ दिवस लागतात. पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली की घरट्यातनं बाहेर फांदीवर चढाउतरी करायला लागतात आणि महिन्याभरात उडतात. पिल्लं अंड्यातनं एकाच दिवशी बाहेर येत नाहीत, एक-दोन दिवसांच्या अंतरानं येतात, म्हणून प्रत्येक घरट्यात एक थोरलं आणि एक अगदी बारकं असतं. घास येणं कमी झालं की पहिला मार त्या बारक्यालाच बसतो.

टप्पा ओळखणं का महत्त्वाचं? तर प्रत्येक टप्प्याला नुकसान वेगळं होतं.

घरटं बांधताना आणि पहिली अंडी घालताना जोडी अजून त्या जागेत रुजलेली नसते, त्यावेळी सारखा त्रास झाला तर ती जागाच सोडून जाते. हे नुकसान कुणाला दिसत पण नाही, कारण झाड नुसतं रिकामं होतं आणि आपण म्हणतो यंदा बगळे कमी आले. अंड्यांच्या काळात कावळा, घार आणि पाऊस. पिल्लं उघडी, बिनपिसांची असताना पाऊस आणि ऊन दोन्ही, कारण आईबाप त्यांच्यावर पंख धरून बसलेले असतात, ते उठले की पिल्लू थेट पावसात भिजतं आणि गारठतं. आणि पिल्लं जरा मोठी, पाय फुटलेली झाली की घाबरून ती फांदीवर पळतात, धडपडतात आणि खाली डांबरी रस्त्यावर पडतात. घाबरलेलं बगळ्याचं पिल्लू पोटातलं सगळं ओकून टाकतं हे पण लक्षात ठेवा, म्हणजे आईनं शेतातनं टिपून आणलेला तो घास वाया.

म्हणून नव्या माणसानं पहिल्यांदा बघायला जायचं ते ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात, लांबनं. जूनच्या शेवटी आणि जुलैमध्ये झाडाच्या जवळ जाऊच नका. रस्त्याच्या पलीकडनं, चालता चालता बघा आणि पुढं जा.

पायरी २: सामान थोडंच लागतं

८ बाय ४० (म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४० मिलिमीटर भिंगाची) किंवा १० बाय ५० ची दुर्बीण, वही, पेन्सिल (पेन पावसात फसतं), घड्याळ, रेनकोट. भडक पिवळा-नारिंगी रेनकोट नको, मातकट किंवा हिरवा घ्या. छत्री शक्यतो नको, कारण छत्री उघडताना जो फटकन आवाज आणि मोठा काळा आकार होतो त्याला बगळे दचकतात, हे मी अनेकदा बघितलंय. मोबाईल सायलेंटवर. सोबत दोनपेक्षा जास्त माणसं नकोत, ग्रुपनं गेलं की हळू बोलतो म्हणणारे पण पाच मिनिटांनी मोठ्यानं बोलतात.

पायरी ३: कुठं उभं राहायचं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे त्यामुळं जरा सविस्तर.

अमेरिकेत फ्लोरिडामध्ये १९९५ साली बगळेवर्गीय पक्ष्यांच्या वसाहतींवर मोजमाप करून साधारण १०० मीटर अंतर ठेवा अशी शिफारस झाली होती. आता आपल्या पेठेत १०० मीटर म्हटलं तर दोन गल्ल्या पलीकडं जावं लागेल, आणि शहरातल्या झाडाखालनं तर दिवसभर रिक्षा, केएमटीच्या बस, दूधवाले जात असतात. मग काय करायचं? शहरातले पक्षी ठरलेल्या गोष्टींना सरावलेले असतात, हे खरं आहे. झाडाखालनं चालत जाणारा माणूस त्यांना नवा नाही. पण थांबणारा माणूस नवा आहे. थांबून वर बघणारा त्याहून नवा, आणि वर बघत काहीतरी लांबडं डोळ्याला लावणारा तर शिकाऱ्यासारखाच. म्हणून मोकळ्या जागी, तळ्याकाठी, शेतात असाल तर १०० मीटर पाळा आणि शहरात असाल तर जिथं माणसं एरवीच थांबतात अशी जागा शोधा. चहाची टपरी, बसस्टॉप, एखाद्याचा जिना चालेल, पण गच्ची नको (गच्चीवरनं तुम्ही घरट्याच्या बरोबरीला किंवा वर येता, आणि वरनं बघणारा म्हणजे पक्ष्याला घारच). उभं राहिलात तर आडोशाला राहा, म्हणजे पाठीमागं भिंत किंवा खोड असू दे, आकाशावर तुमचा आकार उठून दिसायला नको.

पक्ष्याला आपण दिसतो एवढंच नसतं, आपल्याला काय दिसतंय हे पण त्याला कळतं. हे मी मनाचं सांगत नाही. पुण्याचे मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली वेड्या राघूवरचं काम प्रसिद्ध केलं. वेडा राघू म्हणजे तो हिरवा, तारेवर बसून माशा टिपणारा पक्षी, तो मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. माणूस जिथनं बिळाचं तोंड दिसतं अशा जागी उभा असेल तर राघू बिळात जायला का-कू करतो, आणि तेवढ्याच अंतरावर पण बीळ दिसणार नाही अशा जागी उभा असेल तर बिनधास्त आत जातो. म्हणजे माणसाला काय दिसतंय याचा अंदाज तो पक्षी बांधतो! मी हे वाचलं तेव्हापासून माझी उभी राहायची पद्धतच बदलली. घरटं अगदी स्वच्छ, पान न आडवं येता दिसतंय अशी जागा मिळाली की आपल्याला आनंद होतो, पण ती जागा चुकीची आहे. जिथनं घरट्याकडं येणारी जाणारी वाट दिसते पण घरटं पानाआड राहतं ती जागा बरोबर. घास घेऊन येणारा पक्षी मोजला की पिल्लांचं कसं चाललंय ते कळतंच.

पंचगंगेच्या किंवा ओढ्याच्या काठच्या दरडीत फेब्रुवारी ते मे मध्ये अशी बिळं दिसली तर हाच नियम. आणि बिळासमोर थांबायचं नाही, कारण राघू चोचीत माशी घेऊन तारेवर बसून राहतो आणि आत पिल्लं उपाशी. आपल्याला वाटतं काय मस्त पोज देतोय. तो पोज देत नसतो, तुमच्या जाण्याची वाट बघत असतो.

पायरी ४: इशारा पातळी वाचा

आता मुद्द्याचं. जागा मिळाली की पहिली दहा मिनिटं काहीच करू नका, दुर्बीण पण लावू नका. नुसतं शांत झाड कसं असतं ते बघा. शांत बगळा मान खांद्यात घालून बसतो, नाहीतर पिसं साफ करत असतो, नाहीतर घरट्यातली काटकी इकडची तिकडं करत असतो. पिल्लं सारखी कटकट करत असतात. जोडीदार आला की दोघं मानेची पिसं फुलवून एकमेकांना ओळख देतात.

इशारा पातळी म्हणजे यातलं काहीतरी थांबतं. सगळ्यात आधी पिसं साफ करणं थांबतं. मग मान सरळ वर, अगदी काठीसारखी, आणि एक डोळा तुमच्याकडं. मग झाडाचा आवाज उतरतो. ही शांतता नीट ऐका, कारण नवा माणूस तिला शांतपणा समजतो आणि अजून दोन पावलं पुढं जातो, आणि खरं तर झाड श्वास रोखून बसलेलं असतं. त्यानंतर पक्षी घरट्यात उभा राहतो, पाय बदलतो, शिटतो, हे उडायच्या अगदी आधीचं. ही झाली ४२ फूट.

मान वर झाली की तिथंच थांबा. एका मिनिटात मान खाली गेली तर ठीक, तेवढ्यावरच राहा. नाही गेली तर मागं या, पळत नाही, वळून पाठ दाखवून सावकाश चालत. उभा राहिला तर त्या दिवसाचं बघणं संपलं, घरी जा. उडाला तर लगेच निघा, "आता उडालाच आहे तर एक फोटो" असं अजिबात नको, कारण तुम्ही दिसत राहाल तोपर्यंत तो परत बसणार नाही आणि कावळा मात्र येणार.

आणि एक गोष्ट, जी मला पटायला वेळ लागला. हालचाल नाही म्हणजे त्रास नाही असं नाही. अंड्यांवर बसलेल्या पेंग्विनच्या हृदयाचे ठोके मोजून बघितले गेलेत, माणूस जवळ आला की बाहेरनं पक्षी दगडासारखा स्थिर दिसतो पण ठोके वाढलेले असतात. तेव्हा "बघ की, हलत पण नाही, सवय झालीय त्याला" हे वाक्य जपून वापरा.

पायरी ५: आवाज कसा मोजायचा आणि त्याचं काय करायचं

आवाज दोन जातीचे. एक सततचा, रस्त्याची घरघर, जनरेटर, पंप. दुसरा अचानक, सुतळी बॉम्ब, बदललेल्या सायलेन्सरचा फाटका आवाज, ढोलाची पहिली थाप, डॉल्बीचा बास.

अचानक आवाजानं पक्षी उडतो हे डोळ्याला दिसतं. नेदरलँडमध्ये हवामानाच्या रडारवर हे टिपलं गेलंय, ३१ डिसेंबरला रात्री बारा वाजता फटाके सुरू झाले की काही मिनिटांत हजारो पाणपक्षी एकदम हवेत, आणि एरवी रात्री कधी जात नाहीत तेवढ्या, सुमारे ५०० मीटर उंचीपर्यंत गेले. २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ती तर थंडीतली पाखरं होती, घरटी नव्हती. आपल्याकडं गणपती येतात तेव्हा झाडावर पिल्लं असतात.

सततच्या आवाजाचं नुकसान मात्र दिसत नाही. तो ऐकणंच झाकून टाकतो. पिल्लू भूक लागली म्हणून ओरडतंय ते आईला ऐकू येत नाही, शेजारच्या बगळ्यानं घार आली म्हणून दिलेली हाक ऐकू येत नाही, मग कान चालत नाहीत म्हणून पक्षी सारखी मान वर करून डोळ्यानं पहारा देतो आणि तेवढा वेळ घास आणण्यातनं जातो. इंग्लंडजवळच्या लंडी बेटावर चिमण्यांचा अभ्यास झाला, २०१२ मध्ये आला. जनरेटरच्या आवाजात घरटी असलेल्या चिमण्या पिल्लांना कमी वेळा भरवत होत्या आणि पिल्लं वजनाला कमी भरली. जनरेटर काय चिमण्यांना मारायला गेला नव्हता, नुसता चालू होता. हॉलंडमधल्या लायडन शहरात तर गजबजाटातले रामगंगेच्या (चिमणीएवढा, काळ्या डोक्याचा आणि पांढऱ्या गालांचा पक्षी) जातीतले पक्षी रस्त्याच्या घरघरीच्या वरनं ऐकू जावं म्हणून उंच पट्टीत गातात असं २००३ मध्ये दिसून आलं. प्रत्येक पक्ष्याला पट्टी बदलणं जमत नाही.

तर करायचं काय, तर नोंद. मोबाईलवर डेसिबल मोजायचं कुठलंही फुकट ॲप चालेल, ते काय कोर्टात चालण्याएवढं बरोबर नसतं पण एकाच मोबाईलनं एकाच जागेवरनं मोजलं की कालच्यापेक्षा आज जास्त की कमी एवढं नक्की कळतं. वहीत मी असं लिहितो:

"सायं. ६.१०, भुरभुर पाऊस, २२ घरटी दिसतात, रस्ता नेहमीचा. ६.२४ सायलेन्सर काढलेली गाडी, ९ बगळ्यांच्या माना वर, कुणी उठलं नाही, अर्ध्या मिनिटात शांत. ६.४१ एक मुलगा खोडावर दगड मारतो, ५ उडाले, ३ मिनिटांत ४ परत, एक नाही. कावळे २."

बस, एवढंच. काय आवाज झाला, किती माना वर, किती उडाले, किती वेळानं परतले, कावळे किती. आठवड्यातनं दोन वेळा अर्धा-अर्धा तास केलं तरी गणपतीपर्यंत तुमच्याकडं अशी वही तयार होते की ती दाखवून कुणाशीही बोलता येतं.

नियम पण माहीत असू देत. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सणांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत लाऊडस्पीकरला सूट देऊ शकतं. दवाखाना, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत सरकार शांतता क्षेत्र जाहीर करू शकतं, तिथं दिवसा ५० आणि रात्री ४०. बगळ्यांच्या झाडाला स्वतंत्र शांतता क्षेत्र नसतंय, पण तुमचं झाड शाळेच्या किंवा दवाखान्याच्या १०० मीटरच्या आत येतंय का ते पावलांनी मोजून बघा. आलं आणि ती जागा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेली असली तर निम्मं काम झालं. आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकार या शब्दाच्या व्याख्येतच जंगली पक्ष्यांची अंडी फोडणं, अंडी किंवा घरटी विस्कटणं येतं, हे बऱ्याच लोकांना माहीत नाही.

पायरी ६: फोटो, ड्रोन आणि लोकेशन

फ्लॅश नाही. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. फोटो चांगला यावा म्हणून आडवी फांदी वाकवायची नाही, ती पानांची फांदी म्हणजे पिल्लाची सावली असते आणि कावळ्यापासून पडदा असतो.

ड्रोन तर अजिबात नको. २०२१ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात बोल्सा चिका नावाच्या राखीव जागेत एक ड्रोन सुरय पक्ष्यांच्या वसाहतीत कोसळला, हजारो सुरय उडाले ते परत आलेच नाहीत, साधारण १५०० अंडी वाळूवर तशीच राहिली. एक ड्रोन, एक दिवस.

आणि लोकेशन टाकू नका. स्टेटसला नाही, ग्रुपवर नाही, मॅपची पिन तर नाहीच. मागं एकदा मी हौसेनं एका विहिरीवरच्या सुगरणीच्या वसाहतीचा फोटो जागेसकट टाकला होता. बाभळीची फांदी विहिरीवर झुकलेली, त्याला लटकलेली वीसेक घरटी, उसाच्या पानाच्या बारीक पट्ट्या काढून विणलेली, अजून निम्मी हिरवी. पुढच्या रविवारी गेलो तर चार-पाच गाड्या लागलेल्या आणि एकजण काठीला कोयता बांधून घरटी काढत होता, हॉलमध्ये टांगायला. त्यातल्या एका घरट्यात पिल्लं होती. त्या माणसाला जागा माझ्या फोटोवरनं कळली होती, हे मला अजून टोचतं. म्हणूनच वरच्या रेन ट्रीचा पत्ता देत नाही.

पायरी ७: खाली पडलेलं पिल्लू

ऑगस्टमध्ये हे होणारच. आधी बघा, पिसं फुटलेलं पिल्लू खालच्या फांदीवर किंवा झुडपावर बसलंय का? असेल तर ते चढाउतरी शिकतंय, त्याला राहू द्या, कुत्र्यामांजरांना फक्त लांब ठेवा. रस्त्यावर पडलेलं, पंख लोंबणारं, गार पडलेलं असेल तर टॉवेल टाकून उचला. चेहरा लांब ठेवा, बगळ्याचं पिल्लू सरळ डोळ्यावर चोच मारतं आणि ती चोच टोकदार असते. भोकं पाडलेल्या खोक्यात कापड घालून अंधारात, शांत ठेवा. दूध नाही, भिजवलेली चपाती नाही, तोंडात पाणी ओतायचं नाही, पाणी श्वासनलिकेत जातं. वनविभागाची हेल्पलाईन १९२६ आहे, तिथं फोन करा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही हा समज चुकीचा आहे, त्यामुळं घरटं हाताच्या अंतरावर असेल आणि पिल्लू धडधाकट असेल तर परत ठेवता येतं, पण त्यासाठी शिडी लावून झाडावर चढू नका, एक वाचवताना दहा खाली पडतील.

पायरी ८: माणसांशी बोलणं

हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगाचं. झाडाखाली राहणाऱ्यांचा त्रास खरा असतोय. शिटीचा वास, सडलेले मासे-बेडूक, गाडीवर पांढरे डाग, माश्या. तुम्ही "किती सुंदर पक्षी" म्हणत गेलात तर ते तुम्हाला दारातनं परत पाठवतील, आणि बरोबरच आहे त्यांचं. आधी ऐकून घ्या, मग विचारा की चार महिने गाड्या दहा फूट पलीकडं लावता येतील का, दारावर ताडपत्री बांधून देऊ का, सकाळी पाणी मारायला मदत करू का. एका काकूंनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "अहो दादा, तुमी बघून जाताय, धुवायचं आमाला लागतंय." त्यांना ताडपत्री बांधून दिली, आणि आता फांद्या तोडायला कुणी आलं की पहिला फोन त्यांचाच येतो.

फांद्या छाटण्याचं पण बघा. पावसाळ्याच्या तोंडावर छाटणी चालते आणि लांबली की ती नेमकी घरट्यांवर येते. झाड संरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे, शहरातलं झाड तोडायला परवानगी लागते. बगळ्यांचं झाड माहीत असेल तर मे च्या सुरुवातीलाच लेखी अर्ज द्या की या झाडाची छाटणी आत्ताच करा किंवा ऑक्टोबर संपल्यावर करा. जुलैत अडवायला गेलात तर भांडण होतं, मे मध्ये गेलात तर चहा मिळतो.

आता तालीम आणि मंडळं. कोल्हापूरच्या माणसाला "वाजवू नका" म्हटलं की तो दुप्पट वाजवतो, त्यामुळं तसं म्हणायचंच नाही. आगमनाच्या पंधरा दिवस आधी जा, अध्यक्षांना एकट्याला भेटा, मोबाईलवर त्यांच्याच गल्लीतल्या झाडावरचा पिल्लांचा व्हिडिओ दाखवा, आणि एकच मागणं करा: डॉल्बीची गाडी झाडाखाली थांबवू नका, आणि माळ लावायची जागा बदला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. १० मीटरवरची गाडी ८० मीटरवर नेली तर अंतर तीनदा दुप्पट झालं, म्हणजे १८ डेसिबल कमी, आणि मिरवणुकीची हौस तेवढीच राहिली. तमिळनाडूत वेदांतंगळ पक्षी अभयारण्याच्या आसपासची आणि शिवगंगा जिल्ह्यातलं कोल्लुकुडीपट्टी ही गावं पक्ष्यांसाठी दिवाळीत फटाकेच लावत नाहीत, कित्येक वर्षं. हे मंडळाच्या पोरांना सांगितलं की एक तरी पोरगं म्हणतंच, "मग आपण काय कमी आहे व्हय!"

एका मंडळानं मागच्या वर्षी खरंच गाडी चौकाच्या पलीकडं लावली. त्या संध्याकाळी मी टपरीवर वही घेऊन बसलो होतो. ताशा सुरू झाला तेव्हा माना वर झाल्या, सगळ्या झाडभर. मी घड्याळ बघत होतो. दोन मिनिटांनी एका बगळ्यानं मान खाली घेऊन पिसं साफ करायला सुरुवात केली. मग शेजारच्यानं. अध्यक्ष गुलाल माखलेल्या अंगानं मिरवणुकीतनं माझ्याकडं आले, वर बघत विचारलं, "किती उडाले?" मी वही दाखवली, त्या रकान्यात शून्य होतं. यंदा मे महिन्यात त्यांचाच फोन आला, बगळे कधी येतात आणि अर्ज कुणाच्या नावानं द्यायचा ते विचारायला.